साखरेचा आजार आणि डोळ्याचा पडदा : टक्का कमी म्हणून गाफील राहू नका

"आपल्याकडं नाही हो तसलं काही, ते शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं दुखणं." मधुमेहाचा, म्हणजे आपल्या बोलीत 'साखरे'चा विषय निघाला की पारावरच्या चौघांतला एक जण तरी हे वाक्य बोलतोच. बाकीचे मान डोलावतात आणि विषय पावसावर जातो. पण मंडळी, हे वाक्य आता खरे राहिलेले नाही. साखर वेशीच्या आत केव्हाच आली आहे आणि तिच्या मागोमाग डोळ्याचा एक गुपचूप चालणारा आजारही येऊ लागला आहे.

या आजाराचे नाव डायबेटिक रेटिनोपॅथी. सोप्या शब्दांत सांगायचे तर साखरेमुळे डोळ्याच्या आतला पडदा खराब होणे. हा आजार कोणत्या भागात किती, याचे बरेच आकडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बाहेर आले. कुठे शंभर मधुमेहींत दहा, कुठे सव्वीस, तर कुठे त्रेचाळीस. हे आकडे वाचून काही जण घाबरतात आणि काही जण निर्धास्त होतात. दोन्ही चूक. आकडे वेगवेगळे का येतात आणि त्यातून आपल्या गावाने काय घ्यायचे, हे नीट समजून घ्यायला हवे.

आधी साखरेचा हिशेब

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशभरात ११.४ टक्के निघाले. म्हणजे सुमारे दहा कोटी दहा लाख माणसे! राज्यवार फरक मात्र डोळे विस्फारावेत असा. आपल्या शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे चारात एकाहून जास्त. उत्तर प्रदेशात ४.८ टक्के. केरळ आणि पुदुच्चेरीही गोव्याच्या पाठोपाठ.

शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, महाराष्ट्राच्या शहरांत १०.९ आणि खेड्यांत ६.५ टक्के मधुमेही होते. म्हणजे तेव्हासुद्धा आपल्या खेड्यांत वीस वर्षांवरच्या दर पंधरा माणसांत एकाला साखर होती. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, पायपीट कमी झाली. भाकरीच्या जोडीला बेकरीचा माल आला, दिवसाला सहा-सात कप गोड चहा झाला. साखर वाढायला आणखी काय लागते?

पडद्याला होते काय?

डोळा म्हणजे एक कॅमेरा समजा. पुढे भिंग आणि मागे फिल्मसारखा पडदा. भिंग गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात, तो आपल्या ओळखीचा. पडद्याचा आजार त्याच्या मागे असतो, तो बाहेरून दिसत नाही.

या पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. तुमच्या शेतातल्या ठिबकच्या नळ्या डोळ्यांपुढे आणा. क्षाराचे पाणी वर्षानुवर्षे सोडले तर काय होते? कुठे ड्रिपर बुजतो, कुठे नळी फुगते, कुठे गळती लागते. एका भागात पाणी साचते, दुसरा भाग कोरडा पडतो. रक्तात साखर सतत जास्त राहिली की पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे तसेच होते. आधी त्यांना बारीक फुगे येतात, मग त्यांतून रक्त आणि पाणी झिरपते. काही वाहिन्या बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही तिथे शरीर घाईघाईने नव्या वाहिन्या फोडते, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते आणि एका रात्रीत दिसेनासे होऊ शकते. झिरपलेले पाणी पडद्याच्या मधल्या भागात साचले तर समोरच्या माणसाचा चेहरा, पेपरातली अक्षरे, सुईतला दोरा दिसणे अवघड होते.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की सुरुवातीची अनेक वर्षे काहीच कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरही चांगली असते. उसाला हुमणी लागावी तसा हा प्रकार. वर पाने हिरवीगार, खाली मुळ्या खाऊन फस्त. पाने पिवळी पडेपर्यंत हाती फार थोडे उरते. "मला अजून सगळं चांगलं दिसतंय" हे पडदा शाबूत असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

प्रांताप्रांताचे आकडे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. साखर असलेल्या शंभर माणसांत पडद्याचा आजार कितींना? निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्या पाहा.

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात पन्नाशीपुढच्या मधुमेहींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, प्रमाण २६.८ टक्के. हैदराबाद शहरात १९९९ च्या अहवालात सुमारे २२ टक्के. चेन्नई शहरात दोन वेगवेगळ्या पाहण्या झाल्या. २००५ मध्ये १७.६ टक्के आणि २००९ मध्ये १८ टक्के. तमिळनाडूच्याच थेनी जिल्ह्यात २००९ मध्ये १२.२ टक्के. चेन्नईत १८ टक्के मोजणाऱ्या शंकर नेत्रालयाच्या पथकानेच पुढे भोवतालच्या खेड्यांत मोजणी केली, तेव्हा २०१४ च्या अहवालात १०.३ टक्के निघाले.

आपल्याकडे मुंबईत धारावीच्या झोपडपट्टीत पाहणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार तिथल्या मधुमेहींत १५.३७ टक्के लोकांच्या पडद्यात दोष होता. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या सुमारे पावणेपाच हजार लोकांचे डोळे तपासले गेले. २०१३ च्या त्या अहवालात पडद्याचा हा आजार हजारात जेमतेम तीन-चार जणांना आढळला.

देशपातळीवरचे आकडेही एकसारखे नाहीत. नेत्रतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या २०१४ मधल्या तपासणीत २१.७ टक्के. दिल्लीच्या 'एम्स'ने २१ जिल्ह्यांत पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली, त्यात १६.९ टक्के, हे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. चाळिशीपुढच्या लोकांच्या आणखी एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यात १२.५ टक्के.

वरवर पाहिले तर वाटेल, केरळचे पाणी वाईट, नागपूरचे चांगले. खेड्याची हवा बरी, शहराची बाधक. इथेच आपण फसतो.

ही पैसेवारी आहे, बरं का!

पीक कापणी प्रयोगाचे आणि पैसेवारीचे राजकारण तुम्हाला सांगायला नको. प्लॉट विहिरीखालच्या बागायतातला धरला तर गाव पन्नास पैशांच्या वर जाते, माळरानातला धरला तर खाली येते. गाव तेच, पाऊस तोच, तलाठीही तोच. आजारपणाच्या टक्क्याचेही तसेच असते. आकडा बघण्याआधी प्लॉट कोणता धरला होता, हे विचारायचे.

पहिला प्रश्न, शंभर कुणांतले? नागपूरच्या खेड्यांतला आकडा तपासलेल्या सगळ्या गावकऱ्यांतला आहे, फक्त मधुमेहींतला नव्हे. धारावीत तर एकाच पाहणीत दोन आकडे मिळतात. मधुमेहींत १५.३७ टक्के, पण सर्व लोकांत १.४१ टक्के. दोन्ही खरे! एक आकडा आंब्यांच्या झाडांतल्या रोगट झाडांचा, दुसरा शिवारातल्या सगळ्या झाडांतल्या रोगट आंब्यांचा. कुणी 'आमच्याकडे एक टक्कासुद्धा नाही' म्हणाले, तर आधी हे विचारा.

दुसरा प्रश्न, माणसे किती वयाची आणि कुठे गाठलेली? पालक्काडमध्ये पन्नाशीपुढचे आणि स्वतःहून 'मला साखर आहे' सांगणारे लोक धरले. म्हणजे ज्यांचा आजार जुना आहे अशांचीच भरती जास्त. शिबिरात मोजले तर त्रास होणारेच अधिक येतात आणि आकडा फुगतो. घरोघरी जाऊन, रक्त तपासून, त्याच दिवशी साखर सापडलेल्यांनाही धरले तर आकडा उतरतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आजार किती वर्षांचा? चेन्नईच्या २००५ च्या पाहणीत हे लख्ख दिसते. ज्यांना साखर असल्याचे आधीपासून माहीत होते त्यांच्यात पडद्याचा आजार २०.८ टक्के, पाचात एक. ज्यांची साखर पाहणीतच नव्याने सापडली त्यांच्यात ५.१ टक्के, विसात एक. आणि ज्यांच्या साखरेला पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला होता त्यांच्यात ४१.८ टक्के! शहर एकच, तपासणारे डॉक्टरही तेच. फरक फक्त वर्षांचा.

चौथा प्रश्न, साखर आणि रक्तदाब ताब्यात होते का? अमेरिका आणि कॅनडात लहानपणापासून साखर असलेल्या रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. १९९३ मध्ये त्याचा निकाल आला. ज्यांचा पडदा तोवर चांगला होता आणि ज्यांनी साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. इंग्लंडमध्ये मोठ्या वयात साखर झालेल्यांवर असाच प्रयोग झाला, १९९८ मध्ये कळले, की रक्तदाब ताब्यात ठेवला तर पडद्याचा आजार वाढण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. म्हणजे गोळ्या वेळेवर मिळणारा भाग आणि न मिळणारा भाग यांच्यात फरक पडणारच.

पाचवा प्रश्न, पाहिले कसे? बाहुली मोठी करून तज्ज्ञाने पूर्ण पडदा पाहिला, की छोट्या कॅमेऱ्याने मधल्या भागाचा एकच फोटो काढला? शिवाय मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटो धूसर येतो, तो माणूस मोजणीतूनच गळतो. ज्या खेड्यांत मोतीबिंदूची ऑपरेशने राहून गेली आहेत तिथे हे जास्त घडते.

खेडे आपोआप वाचवत नाही

मग चेन्नईत १८ आणि भोवतालच्या खेड्यांत १०.३, हा फरक एकाच पथकाने मोजला, तो तरी खरा की नाही? खरा आहे. पण त्याचा अर्थ असा नाही, की खेड्यातल्या माणसाचा पडदा जास्त चिवट असतो. खेड्यात साखर उशिरा शिरली. खेड्यातले पुष्कळ मधुमेही अजून 'नवे' आहेत. त्यांची पंधरा वर्षे भरायची आहेत. आज जो टक्का कमी दिसतो तो पेरणी उशिरा झाल्यामुळे. पीक यायचे राहिलेले नाही, यायचे आहे.

याचा पुरावा हवा असेल तर चीनकडे पाहा. चीनच्या उत्तरेकडे हंदान नावाचा भाग आहे. तिथल्या खेड्यांतल्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहींत पडद्याचा आजार किती? ४३ टक्के! शहरात नव्हे, खेड्यात, शेती करणाऱ्या लोकांत. साखर असून ती न सापडणे आणि सापडली तरी ताब्यात न राहणे, अशी स्थिती असली की खेड्यातही असा आकडा येऊ शकतो.

आणि हे केवळ रक्ताचे, वंशाचे म्हणावे तर सिंगापूरमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के आढळले आहे. तिथले बहुतेक भारतीय मूळचे तमिळ, म्हणजे चेन्नईवाल्यांचेच भाईबंद. मुलूख बदलला, राहणी बदलली, मोजण्याची रीत बदलली, आकडाही बदलला. जगभराच्या पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये जो हिशेब मांडला गेला त्यात सरासरी सुमारे २२ टक्के निघाली. आफ्रिकेत जवळपास ३६ टक्के, दक्षिण व मध्य अमेरिकेत १३ टक्के. तेव्हा हा आजार कुणा एका प्रांताचा नाही. जिथे साखर जुनी होते आणि सैल सुटते, तिथे तो जातो.

आपल्या गावाचा ढोबळ हिशेब

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांनी हा हिशेब वहीच्या कोपऱ्यात करून पाहावा. समजा, गावाची लोकसंख्या तीन हजार आहे. त्यातले वीस वर्षांवरचे साधारण दोन हजार धरा. ग्रामीण भागाचा ८.९ टक्के दर लावला तर १७८ जणांना साखर असू शकते. २०२२ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांना पडद्याचा आजार होता आणि ४ टक्क्यांचा आजार नजर जाण्याच्या टप्प्यावर पोचला होता. हा दर चाळिशीपुढच्यांचा आहे, म्हणून आपला हिशेब ढोबळच. तरीही १७८ मध्ये पडद्याचा आजार २२ जणांना आणि नजर धोक्यात असलेले ७ जण, असा अंदाज निघतो.

सात माणसे म्हणजे सात घरे. त्यात कुणी बैल धरणारा असेल, कुणी रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये मोटार चालू करायला विहिरीवर जाणारा, कुणी चुलीपुढे बसणारी माउली. घरातले एक माणूस आंधळे झाले की त्याला धरून नेणारे दुसरेही कामातून जाते, हे तुम्ही पाहिलेले आहे. आणि हे सात जण आज गावात हिंडत-फिरत आहेत. त्यांनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

का माहीत नाही? 'एम्स'च्या त्याच पाहणीत दिसून आले, की साखर असल्याचे माहीत असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी पडद्याची तपासणी कधीच करून घेतलेली नव्हती. दहात नऊ! साखरेच्या गोळ्या चालू, रक्ताची तपासणी चालू, पण डोळ्याच्या आत कुणी डोकावलेच नाही. प्रांताप्रांताच्या टक्क्यांवर आपण वाद घालतो, पण खरी काळजी करावी असा आकडा हा आहे.

सगळ्याच अंधुकपणाला मोतीबिंदू म्हणू नका

गावात साठीच्या माणसाला कमी दिसू लागले की निदान ठरलेले : "मोतीबिंदू आलाय, पिकू द्या, मग शिबिरात काढू." साखर असलेल्या माणसाच्या बाबतीत हे थांबणे घातक ठरू शकते. मोतीबिंदू पुढच्या भिंगात, आजार मागच्या पडद्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. ऑपरेशन झाले तरी दिसत नाही आणि मग डॉक्टरला बोल लावला जातो. म्हणून शिबिरात नाव नोंदवतानाच 'मला साखर आहे' हे स्पष्ट सांगा आणि ऑपरेशनच्या आधी व नंतर पडदा तपासून घ्या.

आणखी एक. साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलतो. बाजारात गाड्यावरचा चष्मा घेऊन वेळ मारून नेऊ नका.

इंग्लंडने काय केले?

एकेकाळी इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या माणसांना अंधत्व येण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच होते. कित्येक दशके हाच आजार यादीत वर होता. इंग्लंडने २००३ पासून ठरवून कार्यक्रम हाती घेतला. बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेहीला पत्र पाठवून बोलवायचे, पडद्याचा फोटो काढायचा, दोष दिसला तर पुढे पाठवायचे. २००८ पर्यंत तो देशभर पोचला. परिणाम? कामाच्या वयातल्या अंधत्वाच्या नोंदींत १९९९-२००० मध्ये या आजाराचा वाटा १७.७ टक्के होता, तो २००९-१० मध्ये १४.४ टक्क्यांवर आला आणि त्याचा पहिला नंबर गेला. वेल्सनेही असाच कार्यक्रम राबवला. साखरेचे रोगी तिकडे कमी झाले नव्हते, उलट वाढले होते. तरी अंधत्वातला वाटा घटला. यात साखर व रक्तदाबावरच्या चांगल्या उपचारांचाही हात आहे, पण नियमित तपासणीचा मोठा.

'तो श्रीमंत देश आहे', असे म्हणाल तर केरळचे उदाहरण घ्या. तिथे सरकारने २०१८ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 'नयनामृतम्' नावाने काम सुरू केले. गावपातळीवरच्या कुटुंब आरोग्य केंद्रातच प्रशिक्षित कर्मचारी कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो घेतात, तज्ज्ञ दूर बसून तो पाहतात. ज्याला दोष आहे त्यालाच मोठ्या दवाखान्याची वारी. बाकीच्यांचा हेलपाटा आणि मजुरी वाचते.

तुम्ही काय कराल?

तुम्हाला साखर असेल तर या गोष्टी लक्षात ठेवा.

मोठ्या वयात साखर सापडली असेल तर सापडल्याबरोबर एकदा पडदा तपासा. कारण ती कधी सुरू झाली हे कुणालाच ठाऊक नसते. सापडेपर्यंत काही वर्षे गेलेली असू शकतात. लहान वयात सुरू होऊन इन्सुलिनवर असलेल्या मुलामुलींची तपासणी साधारण पाच वर्षांनी सुरू करतात. त्यानंतर वर्षातून एकदा. पोळ्याला बैलाची खांदेमळणी चुकवत नाही ना, मग वर्षातला एक दिवस स्वतःच्या डोळ्यांसाठी ठेवा.

साखर असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीच्याच महिन्यांत पडदा दाखवा. गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

तपासणीच्या दिवशी डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात. काही तास अंधुक दिसते, उन्हाने डोळे दिपतात. म्हणून मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी घ्या आणि डोक्यावर टोपी किंवा पदर असू द्या. थेंबांनी डोळे जातात ही निव्वळ अफवा आहे.

नुसती उपाशीपोटीची साखर पाहून समाधान मानू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. रक्तदाब प्रत्येक खेपेला मोजून घ्या. तंबाखू, मिश्री, विडी सोडा. 'महिन्यात साखर मुळासकट घालवतो' अशा जाहिरातीला भुलून चालू गोळ्या बंद करू नका. या फंदात पडलेल्यांची साखर गुपचूप चढते आणि पडदा त्याची किंमत मोजतो.

डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले, जाळे आल्यासारखे वाटले, सरळ बांध वाकडा दिसू लागला किंवा एका डोळ्याने एकदम दिसेनासे झाले, तर सोमवारच्या बाजाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा.

उपचार आहेत, पण वेळेवर

पडद्यावर लेसर किरणांचे उपचार करतात. त्याने नजर जाण्याचा मोठा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या प्रयोगाने १९७६ मध्येच दाखवून दिले. पडद्याला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण जागा बधिर करून देतात आणि काम दोन मिनिटांचे असते. रक्त साचले किंवा पडदा सुटला तर मोठे ऑपरेशन. सूज उतरली तर नजर काही प्रमाणात सुधारते. पण लेसरने मुख्यतः पुढची हानी थांबते. गेलेली नजर परत येईलच असे नाही. पूर येऊन गेल्यावर बांध घालून वाहून गेलेली माती परत येत नाही, तसेच हे.

उपचाराचा खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. खर्चाच्या भीतीने तपासणीच टाळू नका; बहुतेकांचा पडदा चांगलाच निघतो आणि ते निर्धास्त होऊन घरी येतात.

गावाने काय करावे?

तीस वर्षांवरच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचे काम आशाताई, आरोग्यसेविका आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी करीतच असतात. म्हणजे मधुमेहींची नावे गावात कुठे तरी लिहिलेली आहेत. त्या वहीत एक रकाना वाढवा : 'पडदा तपासल्याची तारीख'. रकाना रिकामा दिसला की त्या घरी निरोप धाडायचा. याला खर्च एका पेनाचा.

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात, जिल्हा रुग्णालयात पडदा तपासणी कधी होते, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावा. दहा-बारा नावे जमली की एक जीप ठरवा. एकेकट्याने जायला माणूस टाळाटाळ करतो, जथ्थ्याने जायला तयार होतो. पंढरीची वारी आपण अशीच करतो. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय घ्या, ग्रामसभेत ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पडदा तपासणी शिबिराची मागणी करा. मोतीबिंदूची शिबिरे होतात, मग पडद्याचे का नको? आणि शिबिराला येणाऱ्या पाहुण्यांना हार घालण्याआधी विचारा, "ज्यांच्यात दोष सापडेल त्यांना पुढे लेसरला कोण नेणार?" त्याचे उत्तर लेखी घ्या. नुसती तपासणी करून सोडून दिले तर ते काम अर्धेच.

गोव्यात किती, केरळात किती, चीनमध्ये किती, हे आकडे सरकारला दवाखाने आणि यंत्रे कुठे लावायची हे ठरवायला उपयोगाचे आहेत. तुमच्या आईच्या किंवा तुमच्या स्वतःच्या डोळ्याबद्दल ते काही सांगत नाहीत. तिथे दोनच गोष्टी कळायला हव्यात : साखर किती वर्षांची आहे आणि पडदा शेवटचा कधी पाहिला. पहिल्याचे उत्तर 'पुष्कळ वर्षे' आणि दुसऱ्याचे 'कधीच नाही' असेल, तर येत्या आठवड्यातला एक दिवस मोकळा काढा. सुगी सुरू झाल्यावर पुन्हा जमायचे नाही.